पितळी बुश आणि खंडाळ्याचा चढ

मधुकररावांच्या मोटारीतून लोणावळ्याला जायचा योग कुणाला आलाच, तर त्यानं आधी आगगाडीच्या वेळा विचारून ठेवाव्यात. आम्ही विचारल्या नव्हत्या.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायला तेव्हा दोन-तीन वर्षं अवकाश होता. मधुकरराव म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, कमलचे यजमान. वडिलांची पुण्यात कापडाची पेढी आणि यांच्या डोक्यात विलायतेतल्या शर्यती. मायदेशी परतणाऱ्या कुणा साहेबाकडून त्यांनी एक उघडी रेसर मोटार घेतली होती. पुढं लांबलचक नाक, मागं दोन माणसं अंग चोरून बसतील एवढी जागा, आणि आवाज असा की गल्लीतल्या गाई दावं तोडायच्या. मोटार उत्तम चालत होती. मधुकररावांची अडचण नेमकी हीच होती. उत्तम चालणाऱ्या वस्तूत स्वतःचं कर्तृत्व दाखवायला जागा राहत नाही.

म्हणून ते मोटारीखाली शिरले. इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत नेणारा एक लांब दांडा असतो, त्याला शाफ्ट म्हणतात. त्याच्या सांध्यांत मूळच्या कारागिरांनी चामड्याच्या जाड चकत्या घातल्या होत्या. चामडं जरा लवतं, हिसका पोटात घेतं. मधुकररावांना ते लवणंच खुपलं.

"ताकद तिथं वाया जाते, अक्का," ते मला समजावू लागले. "चामडं चपलांना ठीक. रेसरला पितळी बुश पाहिजेत."

बुश म्हणजे सांध्यात बसणारी बांगडीसारखी कडी. ती ओतून, कातून देणारा एक लेथवाला त्यांना भेटलाही. "विमानात असंच असतं, रावसाहेब," असं तो म्हणाला. त्यानं विमान पाहिलं होतं ते गच्चीवरून, मान वर करून. पण रावसाहेब म्हटल्यावर मधुकररावांना दुसरा पुरावा लागत नसे. चामडं निघालं, पितळ बसलं.

मग मुंबईच्या दोन मित्रांशी पैज लागली. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंतचा घाट न थांबता चढायचा. हरेल त्यानं लोणावळ्याच्या हॉटेलात सगळ्यांना जेवण द्यायचं. अट एकच, गाडी भरलेली हवी. वाळूची पोतीही चालली असती, पण पोती कौतुक करत नाहीत. म्हणून कमलला पुढं बसवलं. मी त्या वेळी मुलींच्या शाळेत शिकवत होते, नाताळची सुट्टी होती. कमलनं एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि मी न विचारता मागं जाऊन बसले.

सकाळी उजाडल्यावर निघालो. दापोडीचा पूल ओलांडेपर्यंत रस्ता चांगला, पुढं देहूरोडपर्यंत धूळ. उघड्या गाडीतून जाणाऱ्या बायकांनी डोक्याला जुनं लुगडं गुंडाळून घ्यावं, नवं नको. तळेगावला चहा बरा मिळतो, तिथूनच इंदुरीचा फाटा फुटतो. नदीकाठचा तिथला जुना किल्ला मला बघायचा होता. पण गाडी थांबून पुन्हा निघाली की सांध्यातून असा हिसका बसे की दात आपटत. मधुकरराव थांबायला तयारच नव्हते.

"नवे बुश आहेत. रुळतील," ते म्हणाले.

कामशेतपर्यंत बुश रुळले नाहीत, आमची हाडं मात्र खिळखिळी झाली. पायाखालची फळी थरथरू लागली. मळवलीच्या अलीकडे जळक्या वंगणाचा वास आला, तेव्हा कमलनंच सांगितलं, "अहो, थांबा. काहीतरी तापलंय."

रस्त्यालगतच्या खळ्यावर भाताची झोडपणी चालली होती. वाऱ्यावर आंबेमोहराचा वास येत होता आणि त्यात आमच्या मोटारीचा. मधुकरराव खाली वाकून शाफ्टकडे बघत राहिले. खळ्यावरचा एक म्हातारा हातातली पेंढी टाकून पाहायला आला.

"लय आवाज करतीया की," तो म्हणाला. "कुटनं आलासा?"

"पुण्याहून, आबा," मी म्हणाले.

"आनि जायाचं?"

"घाट चढायचाय."

"चढायचाय?" म्हातारा विचारात पडला. "पुन्याकडनं आलं की घाट उतराय लागतोय, बाई. चढायला आदी खाली जावं लागंल."

"व्हय, आबा. उतरून मग चढायचाय."

"कशापायी?"

याचं उत्तर मधुकररावांपाशी होतं, पण ते इंग्रजीत होतं. म्हाताऱ्यानं आम्हाला मूठमूठ कुरमुरे दिले, प्यायला पाणी दिलं आणि तो पुन्हा कामाला लागला. सांधा गार झाल्यावर मधुकररावांनी त्यात वंगणाचा गोळा कोंबला आणि जग जिंकल्यासारखे हात पुसले.

लोणावळ्यात एका पारशी कुटुंबाचा बंगला मित्रांनी भाड्यानं घेतला होता. ज्यांना बंगल्याची ऐपत नाही त्यांनी स्टेशनाजवळच्या खाणावळीत जावं. तिथलं पिठलं आणि गरम भात खाल्ला तर बंगल्याची आठवणही होत नाही. मित्र दोघंही मधुकररावांच्याच जातकुळीतले. रात्री जेवताना तिघं एकमेकांच्या मोटारींबद्दल जे बोलत होते, ते एरवी माणसं लेकरांबद्दल बोलतात. कमलनं एकदा विचारलं, "तो सांधा पुन्हा तापला तर?"

"तुला त्यातलं काय कळतंय?" मधुकरराव म्हणाले. मित्र हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाट उतरलो. मित्रांच्या गाड्या आधी चढून गेल्या, सगळ्यांत शेवटी आम्ही निघालो. सुरुवात झोकात झाली, हे कबूल केलं पाहिजे. डाव्या हाताला कापलेला डोंगर, उजव्या हाताला दरी, खाली कोवळं ऊन. मधुकरराव ओरडून सांगत होते, "बघितलंत, अक्का? ताकद! सगळी चाकांत उतरतेय!"

खंडाळा जवळ आला तशी थरथर वाढली. एका वळणानंतरच्या खड्या चढावर खालून किंकाळीसारखा आवाज आला. पितळ तापून सांधा जाम झाला होता. मग फाडकन काहीतरी तुटलं आणि शाफ्टचं सुटलेलं टोक फळीखाली मोगरीसारखं बडवू लागलं. इंजिन मोकळंच गर्जत होतं. मोटार थांबली, आणि मागं सरकू लागली.

मधुकररावांनी पायाचा ब्रेक दाबला. शाफ्टच्या तडाख्यानं त्याची सळई वाकली होती. त्यांनी हातब्रेक ओढला. तो त्याच शाफ्टवर लागायचा, आणि शाफ्ट तर चाकांपासून सुटला होता. मोटारीनं वेग घेतला. मागं वळून पाहिलं तर रस्ता डोंगराकडे वळत होता आणि आम्ही सरळ दरीच्या कठड्याकडे चाललो होतो. मी पुढं पाहिलं. मधुकरराव जागेवर नव्हते. दार उघडायलाही न थांबता त्यांनी बाहेर उडी टाकली होती.

कमल त्यांच्या जागेकडे आडवी झाली, दोन्ही हातांनी स्टिअरिंगचं चाक धरलं आणि अंगाचा सगळा भार टाकून आपल्याकडे ओढलं. मोटारीचं बूड डोंगराकडे वळलं. मागचं चाक गटारात गेलं, गाडी डोंगराला खरवडत, दगडांवर आपटत कलंडायला आली आणि तशीच अडकली. इंजिन बंद पडलं. एकदम इतकं शांत झालं की कुठंतरी झऱ्याचं पाणी वाजत होतं ते ऐकू आलं.

कमलचे हात चाकावरून निघेनात. मी बोलत होते, तिला ऐकू जात नव्हतं. लाकडाच्या मोळ्या घेऊन चाललेली एक ठाकर बाई आणि तिचा नवरा धावत आले. नवऱ्यानं चाकाखाली धोंडा सरकवला. बाईनं कमलच्या बोटांवर हात ठेवला.

"सोड, बाय. न्हाई जायाची आता कुटं ती."

"नाही ना जायची, मावशी?" कमलनं विचारलं.

"न्हाई. माजा मानूस हाय तितं. सोड."

मग एकेक बोट सुटलं. कमल त्या बाईच्या खांद्यावर डोकं टेकून बसून राहिली. कोपराला खरचटलेले मधुकरराव तोवर चढ उतरून आले होते. त्यांनी आधी मोटारीकडे पाहिलं.

खंडाळ्याहून बैलजोडी आणून मोटार वर ओढून नेली. मित्र वाटच बघत होते. मधुकररावांनी कोपर दाखवत सांगितलं, "प्रसंगावधान! धोंडा लावायला मी चटकन उडी घेतली." मी तोंड उघडणार, तेवढ्यात कमलनं माझा हात दाबला. मोटार मालगाडीत चढली, आम्ही तिसऱ्या वर्गात. स्टेशनावर मी गुडदाणी घेतली, पण कमलनं तिला हात लावला नाही.

पुण्यात पोचल्यावर दिवाणखान्यात सगळं घर गोळा झालं. घाटापासून पुण्यापर्यंत येता येता तो धोंडा चांगलाच मोठा झाला होता. मधुकररावांचं सांगून झाल्यावर कमलच्या सासूबाईंनी कौतुकानं तिला विचारलं, "आणि तू गं? तू काय करत होतीस?"

"मी चाक धरलं होतं," कमल म्हणाली. "हे उडी मारून गेले होते. धोंडा एका ठाकरानं लावला. अक्का होती तिथं."

सगळे माझ्याकडे वळले. मी मान हलवली. मधुकररावांनी दाखवायला वर केलेलं कोपर खाली घेतलं. कमलच्या सासऱ्यांनी पानाचं तबक बाजूला सारलं. "मोटार विकून टाका," ते म्हणाले.

"विकू नका, मामंजी," कमल म्हणाली. "दुरुस्त करा. मला चालवायला शिकायचंय."

मोटारीला जन्मभर नाक मुरडायची मला सोय झाली होती. ती कमलनं राहू दिली नाही. आता तिच्याबरोबर मी दरवर्षी मावळात जाते, आणि त्या म्हाताऱ्याच्या खळ्यावर थांबून आंबेमोहर घेऊन येते. घाटात माझे पाय अजून आपोआप फळीवर रुततात. कमलचे हात मात्र चाकावर सैल असतात. मधुकररावही येतात, मागं माझ्या शेजारी बसतात. मागं एकच दार आहे. घाट लागला की त्यांचा हात त्या दाराच्या कडीवर असतो, आणि त्या बाजूला ते मला कधी बसू देत नाहीत.