दगडावरचे चिंचोके

कापडे गावची येसूबाई रोज सकाळी धुणं भिजवायच्या आधी नदीच्या डोहात कोपरापर्यंत हात बुडवून थोडा वेळ तशीच बसायची. हात बधिर झाला, तर पोहायला आलेल्या पोरांना काठावरूनच माघारी धाडायची. ही सवय तिला लागली ती नात गारठली त्या थंडीपासून.

ऋतिका नाताळच्या सुट्टीत मुंबईहून आली होती. पोहायला शिकायची तिला भारी हौस. येसूबाईने तिच्या पाठीला सुका भोपळा बांधला. भोपळा पोराला बुडू देत नाही, म्हणून भोपळा बांधलेल्या पोराकडे गावात फारसं कुणी बघतही नाही. येसूबाईही पाठ करून गोधडी आपटत बसली. डोंगराची सावली अजून पाण्यावरून हलली नव्हती. पोर आधी कुडकुडत होती, मग म्हणाली, "आजी, आता थंडी नाही वाजत." येसूबाईला वाटलं, पाणी अंगवळणी पडलं.

बाहेर आल्यावर भोपळ्याची गाठ पोरीला सुटेना. बोटं वळत नव्हती, जीभ जडावली होती, कुडकुडणंही थांबलं होतं. पावसात गारठलेलं करडू येसूबाई पोटाशी धरायची, तसंच तिने केलं. ओले कपडे उतरवले आणि काठावरच्या कोरड्या चादरीत नातीला स्वतःसकट गुंडाळून उन्हात बसली. शेजारचा चांगू जाळ करून पाय चोळू म्हणाला, त्याला "एकदम शेकायचं नाय" म्हणत तिने कोमट चहा आणायला पिटाळलं. बऱ्याच वेळाने पोर पुन्हा कुडकुडू लागली, तेव्हा तिच्या जिवात जीव आला.

मुरारीने, तिच्या मुलाने, फोनवर एवढंच विचारलं, "आये, राखणीला भोपळा ठेवला होतास काय?" पोरीला पुन्हा पाठवणार नाही म्हणाला.

त्यानंतर काठावरच्या दगडावर चिंचोके आले. जरा पोहून झालं की प्रत्येक पोराने बाहेर यायचं आणि चिमटीत एक चिंचोका उचलायचा. निसटला तर पोहणं बंद, अंग पुसून उन्हात. भोपळा असो वा नसो, तिची पाठ पाण्याकडे कधी झाली नाही.

पुढच्या थंडीत मुरारी एकटाच आला आणि ऐटीत डोहात उतरला. तिने त्यालाही बाहेर बोलावलं. त्याचा चिंचोका दोनदा निसटला. पोरं फिदीफिदी हसली. तो मुकाट्याने उन्हात जाऊन बसला, आणि मे महिन्यात ऋतिकाला घेऊन आला.

गेल्या पौषात येसूबाई झोपेतच गेली. आदल्या संध्याकाळी ऋतिका विचारत होती, उद्या डोहावर कधी जायचं. येसूबाई भाकरी थापत म्हणाली, "दगडावर ऊन येऊ दे गो. चिंचोके डब्यात हायत, तेवढे घे."