सात इंचांचं स्टूल

सरांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी कारखान्यात एका यंत्राच्या पायाखाली पत्र्याची पट्टी सरकवत होते. यंत्रं एका पातळीत बसवणं हे माझं काम. ताई म्हणाली, आईला माझ्याकडे नेतेय, माझं घर दोन खोल्यांचं. बाबांनी जमवलेली स्टुलं ज्याची त्याने घेऊन जावीत, रविवारनंतर ती भंगारात जातील. सर जाऊन आठ महिने झाले होते, आणि मी त्या घरात चार वर्षं पाऊल टाकलं नव्हतं.

सर आम्हाला सुतारकाम शिकवायचे. भुवयांत कायम लाकडाचा भुसा, म्हणून आम्ही त्यांना पाठीमागे भुसासर म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं. एकदा हजेरी संपवून स्वतःच म्हणाले, "भुसासर हजर." तरुणपणी ते फर्निचरच्या कारखान्यात कारागीर होते. डाव्या हाताच्या बोटाचं एक पेर करवतीत गेलं, मालकाने घरी बसवलं आणि शाळेला स्वस्तात मास्तर मिळाला, असं ते सांगायचे. हसत सांगायचे, त्यामुळे त्यात दुखणं किती होतं ते आम्हाला कधी कळलंच नाही. त्यांच्या विषयाला परीक्षेत गुण नव्हते. गणिताचा धडा मागे पडला की गणिताच्या बाई सरळ त्यांचा तास मागून घ्यायच्या. सर देऊन टाकायचे, आणि शाळा सुटल्यावर कार्यशाळेचं दार उघडं ठेवून बसायचे. ज्याला यायचं तो येईल.

सातवीत प्रत्येकाने एक स्टूल करायचं, चार पायांचं, अठरा इंच उंच. माझं डुगडुगायला लागलं. अशा वेळी लांब पाय कापायचा नाही, आखूड पाय शोधून त्याच्याखाली चकती लावायची, असा सरांचा नियम होता. मला कापणं सोपं वाटलं. एक पाय कापला तर दुसरा लांब वाटायला लागला. तो कापला तर तिसरा. सर समोर रंधा मारत उभे होते, सगळं बघत होते, पण मला थांबवलं नाही. संध्याकाळपर्यंत स्टूल सात इंचांवर आलं आणि तरी डुगडुगतच होतं. कोणीतरी म्हणालं, मांजरीला बसायला छान झालं. ते तिथेच टाकून मी रडत घरी गेले. दुसऱ्या दिवशी सरांनी मला नवं लाकूड दिलं.

फसलेली स्टुलं ते ठेवून घ्यायचे. ते निवृत्त झाले त्या वर्षी कार्यशाळेत संगणक आले आणि स्टुलं जळणात निघाली. सरांनी टेम्पो करून सगळी घरी आणली. तेव्हापासून त्यांच्या घरात खुर्ची एकच, तीही त्यांची. पाहुण्याला स्टूल मिळायचं आणि वर सूचना: "डावीकडे झुकू नका, त्या पायात सातवीचा आळस आहे."

शेवटच्या वर्षी त्यांचे पाय सुजायचे. पाय लोंबकळत ठेवू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. फोनवर सर मला म्हणाले, "तुझं स्टूल पायाखाली घेतलंय. उंची बरोब्बर साधलीस." मला ती थट्टा वाटली. येऊन जाते, म्हटलं. ये की, म्हणाले. मग कामं निघाली, आणि जाणं राहूनच गेलं.

रविवारी दार ताईने उघडलं. काकू, म्हणजे सरांची बायको, स्वयंपाकघरात भांडी बांधत होत्या. भिंतीशी स्टुलांचा ढीग होता, निम्मा गेलेला. काही स्टुलं उलटी पडली होती आणि प्रत्येकाच्या पोटाशी पेन्सिलीने सरांचं अक्षर होतं: वर्ग, आणि फसण्याचं कारण. "सातवी अ. घाई." "सातवी क. लक्ष खिडकीबाहेर." माझं ढिगात नव्हतं. ते खिडकीशी होतं, सरांच्या रिकाम्या खुर्चीपुढे. मी उलटं करून वाचलं. "सातवी ब. थांबता येत नाही."

मला हसू आलं, आणि मग मी तिथेच फरशीवर बसले. नेण्याआधी ते नीट करायचं असं ठरवूनच आले होते. पिशवीत पट्ट्या होत्या. आखूड पाय मला आता हात लावताच सापडतो. स्टूल सरळ ठेवून हलवून पाहिलं. टक, टक.

आत भांड्यांचा आवाज थांबला. काकू ओल्या हातांनी दारात आल्या. आधी खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तू होय," त्या म्हणाल्या.

मग हळूहळू सांगू लागल्या. हे दिवसभर त्याच्यावर पाय हलवत बसायचे. ती टकटक ऐकत त्या आत काम करायच्या. थांबली की समजायचं, डोळा लागला. मग चहा जरा उशिरा टाकायचा. आठ महिन्यांनी ती आज ऐकू आली. एवढं बोलल्यावर त्यांचं माझ्या हातातल्या पट्टीकडे लक्ष गेलं.

"त्याला नीट करू नकोस गं."

तुम्हीच का नेत नाही, असं मी विचारलं. त्यांनी आवाज खाली आणला. लेकीकडे आधीच मला ठेवायला जागा करावी लागलीय, त्यात आणखी एक वस्तू कोणत्या तोंडानं सांगू?

मी स्टूल आणि पिशवीतला टेप घेऊन ताईकडे गेले.

"ताई, तुमच्या कॉटखाली किती जागा आहे?"

"कॉटखाली? असेल वीतभर."

"हे सात इंच आहे."

ताईने स्टुलाला टेप लावून स्वतः मोजलं. मग ढिगातल्या दुसऱ्या एकाला लावला, अठरा भरले. "बाबा सांगायचे, एका मुलीने पार मांजरीचं करून ठेवलं," ती म्हणाली. "ती तू?"

मी मान हलवली. ताई हसली, आणि हसता हसता तोंड फिरवून डोळे पुसू लागली. मग टेप माझ्या हातात देऊन म्हणाली, "आईच्या सामानात ठेव."

पण ते लगेच सामानात गेलं नाही; मी ते परत खुर्चीपुढे ठेवलं. काकू सरांच्या खुर्चीत बसल्या. आधी काठावर, मग पूर्ण टेकून. पाय स्टुलावर घेतले. मग टक, टक. मी पट्टी पिशवीत टाकली आणि निरोप घेतला.

जिना उतरतानाही ऐकू येत होतं. खालच्या पायरीवर मी बराच वेळ उभी राहिले. मग आवाज थांबला. डोळा लागला असेल, असं मनाशी म्हणून मी निघाले.