ओढा कुठून वाहत होता

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, पण समजून घ्या असं म्हणणार नाही. समजून घेण्यासारखं त्यात आहे काय?

आमचं गाव पूर्णा नदीच्या अलीकडं. मी निवृत्त मास्तर, गावच्या पाणलोट समितीचा सचिव. हल्ली पाऊस महिना महिना गायब होतो आणि मग एका दुपारीत सगळा कोसळतो. ओढा फुगून बौद्ध वस्तीत शिरतो. म्हणून ठरलं — ओढ्याचं बुजलेलं जुनं पात्र पुन्हा मोकळं करायचं. ते ज्याच्या रानात निघेल, त्यानं तेवढी जमीन सोडायची.

ते माझ्या रानात होतं. वडिलांनी बुजवलं, तेव्हा दगडमाती मीही टाकली होती. पण मोजणीला आलेल्या इंजिनिअरनं विचारलं, तेव्हा माझं बोट बांधापलीकडच्या शेवंताबाईच्या एकराकडं गेलं. गेलं कसलं — मी नेलं.

तिच्याकडंच का? ती वस्तीतली, विधवा, मागं बोलणारं कुणी नाही. शिवाय माझा तिच्यावर दात होता. मी बांध कोरून तिचं रान खातो, हे ती चारचौघांत बोलली होती. आणि खरं तेच बोलली होती.

ग्रामसभेत ती उठली. म्हणाली, "गुरुजी, वढा तुमच्या रानातून व्हता. तुमच्या वडलानं बुजिवला तवा मी तिथंच खुरपायलते."

तिथं तरी थांबायचं — नाही? मी नकाशा उचलून तिच्यापुढं धरला. "यात तुमचं रान कोणतं, दाखवा बरं."

तिला वाचता येत नव्हतं. मला ते माहीत होतं. लोक हसले. तिनं नकाशाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि ती खाली बसली.

पात्र तिच्या रानातून खोदलं. पुढच्या पावसाळ्यात पाण्यानं तिची काळी माती खरवडून नेली, नुसता मुरूम उरला. चुकीच्या जागचं पात्र तुंबलं आणि वस्तीत पाणी शिरायचं ते शिरलंच. माझं सोयाबीन उंच बांधाआड उभं होतं. इंजिनिअरनं अहवालात 'अंदाज चुकला' असं लिहिलं. मी खाली सही केली.

शेवंताबाई आता माझ्याच रानात रोजानं येते. अजून 'गुरुजी' म्हणते. मागच्या आठवड्यात तिला यायला उशीर झाला. मी तिला बांधावरूनच परत पाठवलं.