रोवण्याची संध्याकाळ ओळखणाऱ्या कुंदा सिस्टर

कुंदा सिस्टरांची आणि माझी पहिली भेट झाली, ती त्यांनी मला वॉर्डाबाहेर काढलं तेव्हा. त्यांच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात हे मी अभिमानाने सांगते.

आम्ही नाकाडोंगरीचे. आईचं गर्भाशय काढण्याचं ऑपरेशन लाखनीच्या एका रुग्णालयात झालं होतं. बारावीची परीक्षा देऊन मी तिच्याजवळ थांबले होते. दुसऱ्या दिवशी सकाळपासून आई ताठ पडून होती. कूस बदलेना, छातीत कफ घरघरत असून खोकेना. कोणीही विचारलं की एकच उत्तर, "काई नाई, बरं हाय." खाटेला लागूनच मोठे काका, म्हणजे आईचे भासरे, थोरले दीर, बसलेले. त्यांच्यादेखत पोट दुखतं म्हणायची आमच्याकडे रीत नाही.

सिस्टर आल्या, आईच्या कपाळावरचा घाम पाहिला आणि म्हणाल्या, "सगळेजण चहा पिऊन या."

"आताच तर पेलो," काका म्हणाले.

"मग आणखी एक प्या."

आम्ही निघालो. मी मात्र दाराआड थांबले.

"दहापैकी किती दुखून राहिलं?" सिस्टरांनी विचारलं.

"तुमीच लिवा ना बाई, काय लिवाचं ते."

सिस्टर खाटेवर टेकल्या. "बरं, धानाच्या रोवण्याच्या दिवशी चिखलात वाकून कंबर दुखते ना? मग आता सकाळ हाय, दुपार हाय, का संध्याकाळ?"

आईच्या डोळ्यांतून पाणी आलं. "संध्याकाळ होय बाई. अन् अर्धी बांधी रोवाची बाकीच हाय."

सिस्टरांनी डॉक्टरांना विचारून लगेच इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने येऊन पुन्हा तोच प्रश्न केला. "दुपार," आई म्हणाली. मग पोटावर उशी दाबून धरायला लावून त्यांनी तिला खोकायला लावलं. दुखतं म्हणून रोगी खोकला नाही, तर कफ साचून न्यूमोनिया होऊ शकतो, हे मी पुढे शिकले. त्या दिवशी मला एवढंच दिसलं, की माझी आई उठून बसली आणि तिने पेज मागितली. मी नर्सिंगला गेले ती त्या दिवसामुळे.

पुढे त्यांच्याच हाताखाली काम करण्याचं भाग्य मला लाभलं. त्यांचा धाक काही कमी नव्हता. औषध देऊन परत विचारायला न जाणाऱ्या मुलीची खैर नसे. "सहन कर" म्हणणाऱ्या नातेवाइकांना त्या विचारीत, "काहून? सहन कराले आणलं का इथं?" ट्रकवाला आला की प्रश्न बदलायचा, "ह्या कळेत नागपूरपर्यंत गाडी नेशील का?" उत्तरावरून आकडा ठरवून त्या केसपेपरवर न चुकता लिहीत. आमचे सर्जनही राऊंडला आले की आधी विचारीत, "सिस्टर, आज संध्याकाळ कोणाकोणाची?" आज मी त्याच वॉर्डाची इन्चार्ज आहे आणि आमच्या मुली असंच विचारतात. याचा मला फार अभिमान वाटतो.

गेल्या वर्षी सिस्टरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आमच्याकडेच झालं. मुलगा, सून, नातवंडं, सगळे भोवती. मी विचारलं, तर उशीला टेकून हसत म्हणाल्या, "काही नाही, बरं आहे." हाताने मात्र चादर घट्ट धरलेली.

मी मागे वळून म्हटलं, "सगळेजण चहा पिऊन या."

दार लोटलं तशा सिस्टरांनी माझा हात धरला. "संध्याकाळ होय गं," म्हणाल्या आणि मोकळेपणाने रडल्या. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. इंजेक्शन दिलं, आणि थोड्या वेळाने परत विचारायला गेले.

सिस्टर, तुम्हाला शंभर वर्षांचं निरोगी आयुष्य लाभो, आणि त्यातला प्रत्येक दिवस रोवण्याची सकाळ असो. एखाद्या दिवशी संध्याकाळ झालीच, तर सगळ्यांना चहाला पाठवून मी येतेच.