अकरा मेंढ्यांची गोळीपेंड

दोघी बहिणींना सगळे थोरली आणि धाकटी म्हणत. थोरलीनं एकतीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडरचं काम केलं. या काळात चार डॉक्टर बदलले, पण तिच्या हातून एक पुडी चुकली नाही. धाकटीनं लग्न केलं नव्हतं. आईवडिलांमागं जमिनीचा लहानसा तुकडा आणि अकरा मेंढ्या सांभाळत ती एकटीच राहत होती. निवृत्त झाल्यावर थोरली पत्र्याची पेटी घेऊन तिच्याकडेच आली. थोरलीनं हे घर सोडल्यावर चाळीस वर्षांनी दोघी पुन्हा एका छपराखाली आल्या.

शेतातलं एकही काम थोरलीला येत नव्हतं. तिला पाहिलं की मेंढ्या कोपऱ्यात पळत. "अजून तुझ्या अंगाला औषधांचा वास येतो गं ताई," धाकटी हसायची.

मेंढ्या गव्हाणीतला भरडलेला मका निवडून खातात आणि कोंडा तुडवतात, हे मात्र थोरलीच्या लगेच लक्षात आलं. "आमच्या दवाखान्यात पोरं असंच करायची. गोड तेवढं गिळायची, कडू थुंकायची," ती म्हणाली. "सगळं एकाच गोळीत बांधलं, तर निवडतील कशा?"

तिनं गोळीपेंडीचं जुनं यंत्र आणलं. जाड लोखंडी चाळणी, वर फिरणारे दोन रूळ आणि घरघरणारी मोटर. पहिल्या दिवशी नुसता भुगा पडला. दुसऱ्या दिवशी पाणी जास्त झालं आणि चाळणीची भोकं बुजली. दोघींनी खिळ्यानं एकेक भोक मोकळं केलं. मग तिला मेळ सापडला. मका, कोंडा, शेंगदाण्याची पेंड, वाळलेल्या लसूणघासाचा चुरा, चिकटपणाला मळी, थोडं मीठ आणि खनिज मिश्रण. चिमूटभर वस्तूही ती तराजूत घालायची. "आमटीत मीठ टाकायलाही तराजू आण आता," असं धाकटी म्हणाली, तर थोरलीनं खरंच आणला.

कोमट गोळ्या ती सावलीत चादरीवर पसरायची आणि वाळल्या की गव्हाणीत ओतायची. पंधरा दिवसांत मेंढ्या तिच्या पावलांच्या आवाजानं दाराशी गोळा होऊ लागल्या. एक लंगडी मेंढी तर तिच्या मांडीत तोंड खुपसायची. थोरलीला मूलबाळ नव्हतं. त्या दिवसांत ती गुणगुणताना ऐकू यायची.

पाचव्या महिन्यात लंगडीनं खाणं सोडलं. डोळे हळदीसारखे पिवळे झाले, लघवी काळपट लाल होऊ लागली. दुसऱ्या दिवशी ती गेली. पाठोपाठ आणखी दोन गेल्या. गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी मेलेली मेंढी उघडून पाहिली, हात धुतले आणि विचारलं, "खायला काय घालता?"

थोरलीनं पेंडीची मापं लिहिलेली वही पुढं केली. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली. "हे खनिज मिश्रण कुठलं? पिशवी दाखवा."

पिशवीवर कोंबडीचं चित्र होतं. ते थोरलीनं पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. पूर्वी घरात कोंबड्या होत्या तेव्हाचा एक डबा उरला होता, तसंच तिनं दुकानातून मागवलं होतं. खनिज ते खनिज, असं तिला वाटलं होतं.

"यात तांबं असतं," डॉक्टर म्हणाले. "कोंबडीला चालतं, मेंढीला नाही. तिच्या यकृतात ते साठत जातं. महिनोन्महिने काही दिसत नाही, आणि मग एकदम फुटतं."

"पण मी मोजून घालत होते हो," थोरली म्हणाली.

"मापात चूक नाही बाई. वस्तूच चुकली."

नऊ दिवसांत आठ मेंढ्या गेल्या. औषधानं तीन वाचल्या. मजुरांनी बांधाकडेला खड्डा खणला, तेव्हा थोरली पायरीवर बसून होती. धाकटीनं तिला एक शब्दही सुनावला नाही, पण बोलणंच सोडलं. जेवण वाढायची, चहा ठेवायची आणि मेंढ्यांकडे निघून जायची. थोरलीनं योग्य मिश्रण आणून नवी पेंड केली. ती पोती तशीच पडून राहिली. त्या तिघींना धाकटी विळ्यानं कापलेला चारा घालायची.

महिना असा गेला. एका दुपारी थोरलीनं पेटी भरायला घेतली. धाकटी दारात आली.

"कुठं निघालीस?"

"तुझ्या डोळ्यांसमोर कशाला राहू? बोलत नाहीस, ते बरोबरच आहे तुझं."

धाकटी भिंतीला टेकून खाली बसली. "मी कुठल्या तोंडानं बोलू ताई? तू मोजून घालायचीस, आणि तुझी पाठ वळली की मी ओंजळभर जास्त टाकायची. रोज. लंगडीला तर दोन ओंजळी. आवडीनं खायच्या गं."

थोरलीनं हातातलं लुगडं पेटीच्या काठावर ठेवलं. मग म्हणाली, "तुझ्या ओंजळीनं काही झालं नसतं. पिशवी मी आणली."

"मग लंगडीच आधी का गेली?"

कपडे अर्धे पेटीत, अर्धे बाहेर होते. थोरलीनं ते एकेक करून परत खुंटीला अडकवले.

यंत्र ससे पाळणाऱ्या शेजाऱ्याला देऊन टाकलं. त्याला ते शिकवायला थोरली चार दिवस गेली. सगळं नीट सांगितलं, पण मोटर सुरू झाली की ती बाहेर येऊन उभी राहायची.