खुर्चीत बसून राखलेलं तळं

व्हर्लिन हूपरला आयुष्यात एकच काम मनापासून जमलं. दुसरा राबत असताना खुर्चीत बसून सूचना देणं. इंडियानातल्या त्या लहानशा गावात त्याच्या परसातलं तळं सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते आपण खणलं असं तो सांगत असे. खणलं त्याच्या बायकोने, लॉरेनने. तिची थोरली बहीण ओपल दुसरं फावडं घेऊन सोबतीला होती. व्हर्लिनची त्या दिवशी कंबर धरली होती. ती नेहमी कामाच्या दिवशीच धरायची.

लॉरेनने तळ्यात पिवळी कमळं लावली. फूल लोण्याच्या रंगाचं, पानांवर तपकिरी ठिपके. दर ऑक्टोबरात ती छातीपर्यंतचे रबरी बूट चढवून गार पाण्यात उतरायची, पिकली पानं कापायची आणि कुंड्या वरच्या पायरीवरून उचलून तळाशी नेऊन ठेवायची. म्हणजे हिवाळ्यात बर्फ गड्ड्यापर्यंत पोचत नसे. ओल्या चिकणमातीची कुंडी उचलताना तिच्या मानेच्या शिरा ताठ होत. व्हर्लिन काठावर कॉफी पीत म्हणे, "डावीकडून घे गं थोडं."

लॉरेन वारली. त्या ऑक्टोबरात ओपलच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, तिला स्वतः येता येईना, म्हणून तिने व्हर्लिनला फोन केला.

"कुंड्या खाली ठेवल्यास का?"

"पाण्यातलंच झाड ते. त्याला काय धाड भरलीय?"

"गोठून मरेल, व्हर्लिन."

"बघतो उद्या."

तो उद्या काही उगवला नाही. वसंतात त्याने काठीने कुंडी ढोसली, तर गड्डे सडक्या बटाट्यासारखे फुटले. त्याने कोणाला सांगितलं नाही.

जूनमध्ये त्याच्या मुलीचा, जेनेलचा, कॅन्ससहून फोन आला. तिनेही तळं खणलं होतं. "बाबा, आईच्या कमळाचा एक तुकडा द्या. तेवढंच हवंय मला तिचं. बाकी सगळं राहू द्या तुम्हाला."

"ये की. फुलांनी नुसतं भरलंय!"

फोन ठेवून तो नर्सरीत गेला आणि फुललेलं पिवळं कमळ घेऊन आला. जुनं दिसावं म्हणून त्याने ते लॉरेनच्या काळ्या घमेल्यात लावलं. निदान खोटं तरी मेहनतीने करावं! पण चिकणमाती खणावी लागते. त्याने टांगत्या कुंड्यांसाठी मिळते ती हलकी, भुसभुशीत पिशवीतली माती ओतली, आणि माती दाबून ठेवायला वर खडीही न पसरता घमेलं काठावरूनच पाण्यातल्या वरच्या पायरीवर ठेवलं.

रविवारी जेनेल आली. ओपल बटाट्याचं सॅलड घेऊन आली.

"बघ, तुझ्या आईचंच," व्हर्लिन खुर्चीतूनच म्हणाला.

ओपलने पानं पाहिली. कोरी हिरवी, एक ठिपका नाही. तिने सॅलड वाढायला घेतलं. हा माणूस किती रेटून खोटं बोलतो ते तिला बघायचं होतं.

जेवण अर्ध्यावर आलं आणि तळ्यात बुडबुडे उठले. काळा भुसा वर आला, मागोमाग पिशवीतल्या मातीतले हलके पांढरे दाणे, आणि शेवटी अख्खं झाड उलटं होऊन मुळं वर करून तरंगू लागलं.

"बाबा, हे काय?"

"बेडकांचं काम."

"बेडूक निदान पाण्यात उतरतात तरी," ओपल म्हणाली.

जेनेल काठाशी गेली. नर्सरीची ताजी मुळं, कुंडीच्या आकारात वळलेली. ती बापाकडे वळली.

"आईचं कुठाय?"

"तेव्हा कंबर धरली होती गं..."

"मेलं ते," ओपल म्हणाली. "चल, उठ. माझ्याकडे आहे. तुझी आई दर वसंतात गड्डे वेगळे करायची, त्यातला एक मला द्यायची. बाकीचे गड्डे कुठे जातात, हे तुझ्या बापाने इतक्या वर्षांत विचारलं नाही."

ओपलच्या परसात गुरांना पाणी पाजायचा जुना पत्र्याचा मोठा हौद होता. त्यात ठिपक्यांची पानं दाटली होती. जेनेल बूट काढून आत उतरली आणि कुंडी उचलून तिने काठावर आपटली. हात कोपरापर्यंत चिखलाने भरले. ओपलने चाकू दिला.

मागून व्हर्लिन आला. काखेत घडीची खुर्ची.

"मलाही एक तुकडा ठेव, ओपल. लॉरेनची आठवण."

ओपलने खुंटीवरचे रबरी बूट काढून त्याच्यापुढे टाकले. "उतर. काढून घे."

त्याने बुटांकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. हात आपोआप कमरेवर गेला. मग त्याने सावली बघून खुर्ची उघडली.

"जेनेल," तो टेकत म्हणाला, "डावीकडून काप गं थोडं."

जेनेलने मान वर केली नाही. तिने उजवीकडून कापलं.