सदाने उलटी मांडलेली डिग्री

भोंगा थोडासा वाजला, तर शिफ्ट सुटली. वाजतच राहिला, तर पळायचं.

आमच्या डोंबिवलीत हे कुणाला शिकवावं लागत नसे.

तो लांबलेला आवाज अजून माझ्या कानात आहे. मी आठवीच्या वर्गावर कविता शिकवत होतो. खिडकीतून आंबट वास आला आणि मुलं ओळ अर्धी टाकून गप्प झाली.

त्या दिवशी सगळे कामगार केमिकल कंपनीच्या गेटबाहेर पळाले. माझा मित्र सदा आत गेला. गळत्या वायूचा व्हॉल्व्ह बंद करायला.

व्हॉल्व्ह बंद झाला. सदाची छाती मात्र तेव्हापासून वाजायला लागली.

काल दुपारी ती थांबली.

सदा आणि मी शाळेत एका बाकावरचे, म्हातारपणी एका बिल्डिंगमधले. तो दुसऱ्या मजल्यावर, मी तिसऱ्या.

कवितेचं वृत्त ओळखायचं असलं की तो बाकावर बोटं वाजवायचा. अलीकडे स्वतःच्या श्वासावर वाजवायचा.

"ऐक. लघु, लघु, गुरू. लघु... बघ, वृत्त बिघडलं."

मी हसलो. वर आलो आणि बराच वेळ दिवा न लावता बसून राहिलो. बाहेर संध्याकाळ पिवळी पडली होती. आमच्याकडची संध्याकाळ कधीकधी अशी पडते. त्यावर कुणी कविता करत नाही.

त्याची नात मैथिली यंदा बारावी झाली. एका ख्रिस्ती विद्यापीठात म्हणे आपली डिग्री आपणच आखता येते, निरनिराळे विषय एकत्र करून. फक्त तो प्लॅन तिथे जाऊन समजावून सांगायचा. सोबत घरचं वडीलधारं माणूस हवं.

हिचे विषय तीन. रसायनशास्त्र, सार्वजनिक आरोग्य आणि मराठी. इथल्या हवेत जन्म काढलेल्या माणसांना काय झालं ते मोजायचं, आणि त्यांच्याच शब्दांत लिहायचं.

दोघे रोज डायनिंग टेबलावर चार्टपेपर पसरून बसत. मराठीपुरता मलाही बोलावणं असे.

मैथिलीचा बाप नितीन वैतागायचा. "अप्पा, लोक विचारतात पोरगी काय शिकणार. काय सांगू, खिचडी?"

"सांग की. आजाऱ्याला खिचडीच देतात. इथे अख्खं गाव आजारी आहे."

खालचे शेजारी जिन्यात म्हणाले, "मिशनऱ्यांचं ना ते? चॅपलमध्ये गुडघे टेकावे लागतील हं!"

सदा म्हणाला, "कंपनीत जन्मभर टेकले. तिथे समोर देवसुद्धा नव्हता."

मैथिलीने मला हळूच सांगितलं, "सर आजोबा, चॅपल कम्पल्सरी नाहीये. पण नीतिशास्त्राचा एक पेपर सगळ्यांना आहे. त्यात मी एकच प्रश्न घेणार. कुणाकुणाला माहीत होतं, आणि कोण गप्प बसलं."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पण आधी आठवलं, गप्प बसलेल्यांत मीही होतो.

कामगारांच्या मुलाखती तिने चौथ्या वर्षात ठेवल्या होत्या. आधी शास्त्र शिकायचं, मग माणसांकडे जायचं. विद्यापीठाचा नमुना तसाच होता.

"आजोबा, पहिली मुलाखत तुमची हं."

सदाने बोट चौथ्या रकान्यावर ठेवलं. मग सरकवत सरकवत पहिल्यावर आणलं.

"ही आधी घे."

"अहो, असं नसतं. ते फायनल इयरला असतं."

"चौथं वर्ष लांब आहे गं."

 आत सदाच्या बायकोच्या, वहिनींच्या हातातलं भांडं वाजलं.

मैथिलीने नवा कागद घेतला आणि डिग्री उलटी मांडली. माणसं आधी, शास्त्र नंतर. 'असं का?' म्हणून तिथे विचारणार, हे तिला ठाऊक होतं. उत्तर द्यायला सदा सोबत जाणार होता. आज संध्याकाळच्या गाडीने.

आणि काल हा गेला.

तिने सकाळी मेल करून दुसरी तारीख मागितली. लगेच उत्तर आलं. आम्ही तुमच्या कुटुंबासाठी प्रार्थना करत आहोत. मात्र ही शेवटची फेरी आहे.

नितीन म्हणाला, "सुतक आहे. तेरावं होईपर्यंत या घरातून कुणी कुठेही जाणार नाही. आजोबांची राख अजून गरम आहे आणि ही इंटरव्ह्यूला चालली? लोक तोंडात शेण घालतील."

मी म्हटलं, "अरे, त्याचीच इच्छा होती."

"सर, तुम्ही कविता शिकवा. घरचं आम्ही बघतो."

बाप गेलेल्या माणसाशी काय वाद घालणार? मी वर आलो.

आज पुन्हा तोच वास आहे. खिडक्या लावून लिहितोय. यावेळी भोंगासुद्धा वाजला नाही.

मला वाटतं, मैथिली आता कुठेतरी बीएस्सी करेल. नोकरी करेल. लग्न करेल. खिडक्या लावेल. आणि सदाला काय झालं होतं, हे कुणी विचारणार नाही.

इथवर टाईप केलं आणि बेल वाजली.

दार उघडलं तर वहिनी. सदाची बायको. जिने आज घराबाहेर पाऊल टाकायचं नसतं, ती. हातात बॅग. मागे मैथिली, रडून डोळे सुजलेले.

"आत या वहिनी."

"नको भाऊजी. सुतक आहे आम्हाला. तुमच्या घरात नाही यायची."

खरंच उंबऱ्याच्या बाहेर उभ्या राहिल्या. पदरसुद्धा चौकटीला लागू दिला नाही.

"मग?"

"रिक्षा बघून द्या. वडीलधारं माणूस लागतं ना तिथे? मी जातेय हिच्याबरोबर."

"आणि नितीन?"

"अस्थी आणायला गेलाय. आला की तुम्ही सांगा."

मैथिलीने चार्टपेपरची गुंडाळी छातीशी धरली होती.

मी चपला घालतोय.

सदा, तुझ्या माणसांना गाडीत बसवतो. मग नितीनला तोंड देतो.

येतो रे.